ग्रंथालयाची किल्ली कुणाच्या हाती?

दिवाळीच्या सुटीत औंढा नागनाथाच्या दर्शनाला आलेली मंडळी पुष्कळदा वाट वाकडी करून सिद्धेश्वरचे धरण पाहून जातात. पाऊस बरा झाला असला म्हणजे ह्या दिवसांत पूर्णेचा जलाशय भरलेला असतो, हवेत गारवा असतो, आणि बरोबर आणलेल्या चिवड्या-लाडवांना काठावर बसून निराळीच चव येते. मुले धरणाचे दरवाजे मोजतात, मोठी माणसे "केवढे हे पाणी!" म्हणतात आणि गाडीत बसतात.

ह्या पाण्याची व्यवस्था मात्र पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. पूर्णा प्रकल्पाची धरणे दोन. वरच्या अंगाला येलदरी. तेथे मोठा साठा आणि वीजघर. तेथून सोडलेले पाणी सिद्धेश्वरला येते, आणि सिद्धेश्वरपासून कालवे निघून हिंगोली, परभणी व नांदेड ह्या तीन जिल्ह्यांच्या शिवारांत जातात. कालव्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या, चारीला शेतचाऱ्या. पाण्याची पाळी सुटली की तोंडाजवळचे रान आधी भिजते. अगदी शेवटी ज्याची जमीन, त्याला आमच्याकडे 'टेलचा शेतकरी' म्हणतात. तो बापडा चारीकडे डोळे लावून बसलेला असतो. धरण किती भरले हे विचारावे, तसेच दरवाजा कुणाच्या हाती आहे हेही विचारावे, एवढे शहाणपण कालव्यावरच्या पोरासोरांनाही असते.

मी ह्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पाटबंधाऱ्यांतले मला फारसे कळत नाही. परंतु अलीकडे ग्रंथालयात बसलो असता हा टेलचा शेतकरी मला वारंवार आठवतो. ज्ञानाच्या प्रवाहावरही गेल्या पन्नास-साठ वर्षांत मोठमोठी धरणे बांधली गेली आहेत. ती कुठल्याही सरकारने बांधलेली नाहीत. ती मूठभर प्रकाशन-कंपन्यांची आहेत. आणि आमची खेड्यापाड्यांतली महाविद्यालये अगदी टेलला आहेत.

चाळीस डॉलरांची ओवी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सिद्धेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातून एस.टी.ने येणारी एम.ए.ची एक विद्यार्थिनी जात्यावरच्या ओव्यांवर प्रकल्प लिहीत होती. आजीच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या तिने दोन वह्यांत उतरून घेतल्या होत्या. ह्याच विषयावर परदेशी नियतकालिकात एक इंग्रजी निबंध आलेला आहे, असा उल्लेख तिला कुठल्याशा तळटीपेत सापडला. तिने तो मोबाईलवर हुडकला. पाच-सात ओळींचा सारांश वाचावयास मिळाला आणि त्याखाली एक चौकट आली: पुढे वाचावयाचे असल्यास सुमारे चाळीस डॉलर भरा.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "सर, ओव्या आमच्याकडच्या बायांच्या. मग हे पैसे कुणाला जाणार?"

चाळीस डॉलर म्हणजे तीन हजारांहून जास्त रुपये झाले. वीस-पंचवीस पानांचा एक निबंध, तोही नुसता वाचावयाला! एवढ्या पैशांत त्या मुलीची वर्षाची क्रमिक पुस्तके येऊन वर वह्या आल्या असत्या. पण मला जास्त अडवले ते तिच्या प्रश्नाने. पैसे कुणाला जाणार? बायांना नाही, हे उघडच आहे. निबंध लिहिणाऱ्या विद्वानाला तरी? त्यालाही नाही!

वाचकांना हे खोटे वाटेल. दिवाळी अंकातला लेखकसुद्धा, थोडे का होईना, मानधन घेतो. विद्वत्तेच्या नियतकालिकांचा न्याय निराळा आहे. तेथे निबंध लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही. निबंध योग्यतेचा आहे की नाही हे तपासणारे दुसरे विद्वान असतात. तेही हे काम बहुधा विनामूल्यच करतात. ह्या सगळ्यांचा पगार कुठल्या तरी विद्यापीठाकडून, म्हणजे पुष्कळदा सरकारी तिजोरीतून येतो. निबंध तयार झाला की लेखक बहुधा त्याचे हक्क कंपनीला लिहून देतो, आणि मग तोच निबंध त्याच विद्यापीठाचे ग्रंथालय कंपनीकडून विकत घेते. कापूस आमचा आणि कापड मँचेस्टरचे, ही कथा आपण शाळेत शिकलो. पण त्या कथेत निदान कापसाला काही तरी भाव मिळत होता!

मोठा मासा, लहान मासे

हे पूर्वीपासून असेच होते काय? नव्हते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक १६६५ साली निघाले, तेव्हापासून जवळजवळ तीनशे वर्षे अशी पत्रे बहुतांशी विद्वानांच्या मंडळ्याच चालवीत. त्यांत नफा फारसा नसे. पुष्कळदा पदरमोडच असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारे विज्ञानावर पैसा ओतू लागली, आणि एका चलाख माणसाने ह्यातला धंदा ओळखला. त्याचे नाव रॉबर्ट मॅक्सवेल. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या ह्या गृहस्थाने १९५१ साली 'पर्गामॉन प्रेस' उभी केली आणि नियतकालिकांमागून नियतकालिके काढली. त्याचे इंगित सोपे होते. साखर महागली तर गुळावर भागवता येते. पण एका नियतकालिकातला निबंध दुसऱ्यात मिळत नाही. संशोधकाला तो हवाच असतो, आणि बिल भरतो ग्रंथपाल. ज्याला हवे तो पैसे देत नाही आणि जो पैसे देतो त्याला नाही म्हणता येत नाही, असे गिऱ्हाईक दुकानदाराला आणखी कुठे मिळावयाचे? १९९१ साली मॅक्सवेलने पर्गामॉन विकली ती ४४ कोटी पौंडांना. विकत घेणारी कंपनी हॉलंडची 'एल्सेविअर'.

तेथून पुढे मोठा मासा लहान माशांना गिळतो तसा प्रकार सुरू झाला. १९९८ मध्ये 'टेलर अँड फ्रान्सिस'ने 'राउटलेज' घेतली. २००१ मध्ये 'अकॅडेमिक प्रेस' एल्सेविअरच्या पोटात गेली. २००४ मध्ये 'क्लुवर' आणि 'स्प्रिंगर' एक झाल्या. २००७ मध्ये 'ब्लॅकवेल' ही जुनी ब्रिटिश प्रकाशनसंस्था अमेरिकेच्या 'वायली'कडे गेली. २०१५ मध्ये 'नेचर' हे जगप्रसिद्ध नियतकालिक काढणारा मॅकमिलनचा विभाग स्प्रिंगरमध्ये मिसळला.

ह्याचा हिशेब कॅनडातील माँट्रिअल विद्यापीठाच्या व्हँसाँ लारिव्हिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडला. १९७३ मध्ये जगातल्या शास्त्रीय निबंधांपैकी सुमारे २० टक्के निबंध पाच बड्या प्रकाशकांकडे होते. २०१३ मध्ये हा वाटा निम्म्यावर गेला. समाजशास्त्रांत तर तो ७० टक्क्यांपर्यंत पोचला. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान इत्यादी मानव्य विद्यांत मात्र तो २० टक्क्यांच्या आसपासच राहिला. हे वाचून मला क्षणभर बरे वाटले. आमच्या विषयात पैसा नाही म्हणून माणसे आम्हांला आजवर हिणवीत आली. त्यामुळेच आम्ही थोडेफार वाचलो म्हणावयाचे!

मालकाचा भाडेकरू

ह्याने ग्रंथालयांचे काय झाले, ते पाहू. नियतकालिके एकेकटी विकण्याऐवजी कंपन्या ती गठ्ठ्याने विकू लागल्या. एखाद्या वाण्याने म्हणावे, साखर हवी असेल तर त्याबरोबर अमुक तेल, अमुक साबण आणि अमुक काड्यापेट्याही न्याव्या लागतील, तसे. गठ्ठ्याची किंमत दर वर्षी चढू लागली. गठ्ठा तर मोडता येत नाही. मग ग्रंथपालाने कात्री लावावी कशाला? पुस्तकांच्या खरेदीला, आणि गठ्ठ्याबाहेरच्या लहान मंडळांच्या पत्रांना. अशा रीतीने बड्यांच्या वाढीचा खर्च लहानांनी सोसला, आणि सोसवेना तेव्हा त्यांतले काहीजण त्याच बड्यांच्या दारी गेले.

दुसरा बदल ह्याहून खोल आहे. पूर्वी अंक टपालाने येई, शिक्का बसे, वर्षअखेर बांधणी होऊन कपाटात जाई. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तरी गेल्या वर्षीचा अंक कपाटातून कुणी काढून नेत नसे. आता अंक कंपनीच्या संगणकावर राहतो आणि ग्रंथालयाला तो पाहण्याची परवानगी तेवढी मिळते. वर्गणी थांबली की पुष्कळ वेळा तीही थांबते. वीस वर्षे भाडे भरूनही घर आपल्या नावावर होत नाही, तसे हे आहे. ग्रंथालय मालक होते, ते भाडेकरू झाले.

श्रीमंतांनासुद्धा हे भाडे जड जाऊ लागले आहे. हार्वर्ड विद्यापीठाइतके संपन्न ग्रंथालय क्वचितच कुठे असेल. पण २०१२ साली तेथील ग्रंथालयाच्या सल्लागार मंडळाने प्राध्यापकांना कळवले की, नियतकालिकांवरचा वार्षिक खर्च साडेसदतीस लाख डॉलरांच्या घरात गेला असून तो पेलण्याजोगा राहिलेला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०१९ च्या फेब्रुवारीत एल्सेविअरशी करारच मोडला. दोन वर्षे त्यांनी कळ काढली आणि मार्च २०२१ मध्ये नवा करार केला. त्यात आपल्या प्राध्यापकांचे निबंध जगाला विनामूल्य वाचता यावेत अशी तरतूद करून घेतली. असे भांडावयाला मागे मोठे बळ लागते. कॅलिफोर्नियाने केले म्हणून हिंगोलीचे एखादे महाविद्यालय तसे करू शकेल काय?

सरकारने सोडलेली पाळी

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नाही. महाविद्यालयांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचा 'इन्फ्लिबनेट' हा उपक्रम १९९१ साली पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या आश्रयाने सुरू झाला. आज त्याचे केंद्र गांधीनगरला आहे. त्याच्या 'एन-लिस्ट' योजनेमुळे २०१० पासून लहान महाविद्यालयांनाही अल्प वर्गणीत काही हजार नियतकालिके पाहण्याची सोय झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याहून मोठे पाऊल टाकले: 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना. २०२५, २०२६ आणि २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, आणि त्यांतले सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक. विकणारे थोडे झाले तेव्हा विकत घेणाऱ्यानेही एक व्हावे, हा त्यामागील हिशेब. तो चुकीचा नाही. हजार गिऱ्हाइकांनी वेगवेगळी घासाघीस करण्यापेक्षा एकाने केलेली बरी.

तरीही तीन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, योजनेचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आणि मराठवाड्यातली बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांनी काढलेली आहेत. दुसरी, हे ६,००० कोटीही भाडेच आहे; मुदत संपली की पुन्हा बोलणी करावी लागणार. तिसरी, पाणी आले तरी ते मुख्यतः इंग्रजीचे आहे. मराठीतून इतिहास, समाजशास्त्र अथवा भाषा शिकणाऱ्या मुलाचे रान त्याने कितीसे भिजणार?

पाट फोडणारे

पाळी मिळेनाशी झाली की कुणीतरी रात्री पाट फोडतो. येथेही तसेच झाले. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान ह्या तरुणीने २०११ साली 'साय-हब' नावाचे संकेतस्थळ काढले आणि कोट्यवधी निबंध कंपन्यांच्या परवानगीवाचून जगाला मोकळे केले. २०२० साली एल्सेविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी ह्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला; ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हे स्थळ भारतात बंद ठेवण्याचा हुकूम दिला. पाट फोडणे कायद्यात बसत नाही, हे मला मान्य आहे. पण गावोगाव पाट फुटू लागले म्हणजे पाटकऱ्यांची संख्या वाढवून भागत नाही. वाटपात कुठे अन्याय आहे काय, हेही पाहावे लागते.

न्यायालयाने एकदा विद्यार्थ्यांच्या बाजूनेही कौल दिलेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस ह्या तीन प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून दुकानदार विद्यार्थ्यांना देत असे. १६ सप्टेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिकवण्यासाठी केलेल्या अशा प्रतींना आपल्या १९५७ च्या कायद्यातच मुभा आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलाची सुनावणी करणाऱ्या खंडपीठानेही कायद्याचा हाच अर्थ मुळात मान्य केला, आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटला काढून घेतला. आपल्या मुलाने महाविद्यालयात एखाद्या प्रकरणाची झेरॉक्स काढून आणली, तर त्याच्या पाठीशी हा निकाल आहे, हे आईवडिलांनी अवश्य जाणून घ्यावे.

ह्या साऱ्या गोंधळात आणखी एक पीक माजले: पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके. अध्यापकाची बढती निबंधांच्या संख्येवर ठरू लागली. बड्या नियतकालिकांची दारे अरुंद, जुन्या मंडळांची पत्रे कृश झालेली. मग "आपला निबंध आठ दिवसांत छापू, दोन हजार पाठवा" अशी पत्रे घरोघर येऊ लागली. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका झटक्यात काढून टाकली. पुढे पुण्याच्या विद्यापीठाच्या मदतीने नवी यादी झाली; २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली आणि पारखण्याचे काम ज्याच्या त्याच्या संस्थेवर सोपवले गेले. यादी नसली तरी चांगला संपादक हवाच. आणि तो पैशांनी मिळत नाही.

घरचे पाणी

मग टेलच्या शेतकऱ्याने काय करावे? शहाणा शेतकरी कालव्याची पाळी मागतोच. पण शेतात विहीरही खणतो.

मराठवाड्याला ग्रंथालये वरून कुणी दिली नाहीत. निजामाच्या राजवटीत साध्या सभेलाही परवानगी लागे. त्या काळात लोकांनी वर्गण्या काढून वाचनालये उभी केली आणि मराठी अक्षर जिवंत ठेवले. परभणीचे गणेश वाचनालय त्यांतलेच. ते शंभर वर्षांहून जुने आहे. हैदराबाद राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९५५ मध्ये केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. म्हणजे कायदा मागाहून आला, वाचनालये आधी होती.

आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती चारशे वर्षांहून अधिक काळ टिकली, कारण ती ग्रंथात उतरली, प्रती होत राहिल्या, आणि दारी येईल त्याला ती ऐकावयास मिळत राहिली. त्याच नामदेवांविषयी अमेरिकेतले अभ्यासक ख्रिश्चन ली नोवेत्स्की ह्यांचा ग्रंथ २००८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने छापला. तो आमच्या आवाक्यात आला तो 'पर्मनंट ब्लॅक' ह्या छोट्या भारतीय प्रकाशनसंस्थेने त्याची येथील आवृत्ती काढली म्हणून. लहान प्रकाशक जगला पाहिजे असे मी म्हणतो, त्यामागे भाबडेपणा नाही. असा रोकडा अनुभव आहे.

आमच्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मी तिला निबंधाच्या लेखकालाच ई-मेल पाठवावयास सांगितले. दोन दिवसांत संपूर्ण निबंध आला, वर शुभेच्छा आल्या. कित्येक विद्वान असे आनंदाने देतात. त्या चाळीस डॉलरांत त्यांचा वाटा नसतोच. शिवाय तिला दुसरा खजिना सापडला. गी पॉटव्हँ आणि हेमा राईरकर ह्यांनी पुण्याहून महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' ह्या संकेतस्थळावर त्या क्रमाक्रमाने खुल्या होत आहेत: गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी, पुष्कळ ठिकाणी आवाजानिशी. कुठे चौकट नाही, डॉलर नाहीत. ज्यांचे धन त्यांच्या नातींना ते विनासायास मिळते.

अशा विहिरी आणखीही आहेत. वाईच्या पंडितांनी घडवलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके संगणकावर मोफत मिळतात. देशभरचे प्रबंध 'शोधगंगे'त खुले आहेत. वाईचे 'नवभारत' १९४७ साली निघाले. मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान' १९५३ मध्ये. मराठीतला गंभीर विचार अशा पत्रांनी वाहिला. त्यांच्यामागे कंपनी नव्हती, चार-दोन पदरमोड करणारी माणसे होती. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्या पेढ्यांच्या खर्चात अशा एखाद्या पत्राची वर्षाची वर्गणी भरून झाली असती!

म्हणून माझे मागणे साधे आहे. सरकारने योजनेची पाळी शेवटच्या महाविद्यालयापर्यंत पोचवावी. आम्हां अध्यापकांनी निबंध देताना त्याची एक प्रत सर्वांना खुली ठेवण्याचा हक्क राखून ठेवावा. जुन्या मराठी नियतकालिकांच्या फायली वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी संगणकावर याव्यात, आणि त्यांना कुलूप असू नये. वाचकहो, आपणही एक करा. दिवाळीच्या खरेदीच्या यादीत कुठे तरी खाली, रांगोळी आणि उटण्याच्या मागे का होईना, एका मराठी वैचारिक पत्राची वर्गणी लिहून ठेवा, आणि तो अंक आपल्या गावच्या वाचनालयाच्या नावे लावा. अंक टपालाने येईल, शिक्का बसेल, कपाटात जाईल. वर्गणी भरा अथवा न भरा, तो तेथून कुणाला काढून नेता येणार नाही.